सोळा तासांचे सत्तेचाळीस तास

गुरुग्राममध्ये कुणालाही अंतर विचारा, तो किलोमीटर सांगत नाही, वेळ सांगतो. ‘सायबर सिटी किती लांब?’ म्हटलं की उत्तर येतं, ‘रविवारी पंधरा मिनिटं, सोमवारी पाऊण तास.’ ‘आणि विमानतळ?’ ‘पहाटे अर्धा तास. संध्याकाळी देवाला ठाऊक!’ लग्नानंतर मी साताऱ्याहून इथं आले, तेव्हा या उत्तरांची मोठी गंमत वाटायची. आमच्याकडे पुणे एकशे दहा किलोमीटर म्हणजे एकशे दहा. अंतर म्हणजे रस्त्याच्या कडेला रोवलेल्या दगडावरचा आकडा. तो काय सोमवारी वाढतो आणि रविवारी कमी होतो?

या शहरात दहा वर्षं काढल्यावर कळलं, की लांबच्या प्रवासात आकडा खरोखरच वाढतो आणि कमीही होतो. आणि तो नेमका माहीत असणं, ही कधी कधी एखाद्या घराची फार मोठी गरज असते.

गुरुग्राम हे तसं विमानांच्या शेजारचं गाव. दिल्लीचा इंदिरा गांधी विमानतळ आमच्या हद्दीला जवळजवळ लागूनच. इंडिगोची मुख्य कचेरी इथंच. एअर इंडियानंही २०२३ मध्ये आपलं मुख्यालय इथं आणलं आणि २०२४ मध्ये उड्डाणांवर देखरेख ठेवणारं नियंत्रण केंद्रही इथंच उभारलं. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये आठवड्यातून एकदा तरी मोठ्या बॅगा भेटतात. कुणाचा मुलगा टोरांटोला, कुणाची मुलगी न्यूजर्सीला. ‘डायरेक्ट की व्हाया?’ हा इथला ‘जेवण झालं का?’सारखा प्रश्न आहे.

माझा दादा सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमॉण्टला असतो. तिकडे मराठी माणसांची चांगली वस्ती आहे. २०२४ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशनही शेजारच्या सॅन होजेलाच भरलं होतं. साताऱ्याला आई. तिचा मला नेहमीचा प्रश्न, ‘दादा आपल्यापासून किती लांब आहे गं?’ प्रश्न सोपा; पण उत्तरं निघाली तीन.

पहिलं उत्तर पृथ्वीचं. भिंतीवरच्या नकाशात पाहिलं तर वाटतं, दिल्लीहून पश्चिमेला निघावं, युरोप ओलांडावा, अटलांटिक ओलांडावा, सबंध अमेरिका ओलांडावी, की आलं सॅन फ्रान्सिस्को. पण नकाशा सपाट असतो आणि पृथ्वी गोल. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या. त्याचं एक टोक दिल्लीवर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर ठेवा आणि ताणून धरा. दोरा पश्चिमेलाही जात नाही आणि पूर्वेलाही नाही, तो सरळ उत्तरेला चढतो! हिमालय, सैबेरिया, आर्क्टिक महासागर, आणि मग अलास्का-कॅनडाच्या बाजूनं खाली. कारण दिल्ली आहे पूर्वेच्या ७७ रेखांशावर आणि सॅन फ्रान्सिस्को पश्चिमेच्या १२२ रेखांशावर. म्हणजे ते जवळजवळ आपल्या पाठीमागे आहे, आणि पाठीमागे जायचं तर डोक्यावरून जाणं जवळचं. या दोऱ्याची लांबी भरते सुमारे १२,४०० किलोमीटर.

पण विमान काही दोऱ्यावरून चालत नाही. दिल्लीच्या थेट उत्तरेला हिमालय आणि तिबेटचं पठार. वर विमानात हवेचा दाब अचानक गेला, तर श्वास घेता येईल इतकं खाली उतरावं लागतं, आणि तिथं खाली उतरायला जागाच नाही, डोंगरच आडवे. त्यापुढे ध्रुवाकडची थंडी. विमानाचं नेहमीचं इंधन उणे ४७ अंशांच्या आसपास गोठू लागतं, म्हणून तिथं त्याच्या तापमानावर सतत लक्ष ठेवावं लागतं. शिवाय काही बिघडलं तर उतरायला धावपट्ट्या मोजक्याच. तरीही वैमानिकांनी ही वाट सोडलेली नाही. १५ ऑगस्ट २०१९ रोजी एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान ध्रुवावरच्या वाटेनं गेलं. जानेवारी २०२१ मध्ये तर सॅन फ्रान्सिस्को ते बंगळूर हे जवळजवळ १४,००० किलोमीटरचं अंतर उत्तर ध्रुवावरून कापणाऱ्या विमानाच्या चारही वैमानिक बायका होत्या. झोया अगरवाल, थन्मई पापागरी, शिवानी मन्हास, आणि चौथी आपली आकांक्षा सोनावरे. ते नाव ऐकून आईनं फोनवर दोनदा विचारलं, ‘आपल्याकडचीच ना गं?’

दुसरं उत्तर वाऱ्याचं, आणि ते मला सगळ्यांत आवडतं. एअर इंडियानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू केली. तेव्हा विमान युरोप आणि अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये वाट बदलली आणि विमान पूर्वेला, पॅसिफिक महासागरावरून जाऊ लागलं. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची. म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त! साताऱ्यात कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, चालकाला वेड लागलंय. पण ते पहिलं विमान साडेचौदा तासांत पोहोचलं, म्हणजे आधीच्या वाटेपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर.

भागाकार करून पाहा. १५,३०० भागिले साडेचौदा, म्हणजे तासाला हजार किलोमीटरच्याही वर. विमानाचा स्वतःचा वेग तासाला नऊशेच्या आसपास. मग वरचे दीडशे आले कुठून? ते वाऱ्यानं फुकट दिले. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक प्रवाह वाहत असतो. जपानपासून पुढे पॅसिफिकवर, विशेषतः थंडीत, त्याला इतका जोर येतो की कधी कधी त्याचाच वेग तासाला तीनशेच्या पुढे जातो. पूर्वेला जाणाऱ्याला तो पाठीवर हात ठेवून ढकलतो. पश्चिमेला जाणाऱ्याच्या छातीवर बसतो. आपल्या कोकणातल्या दाभोळ-चौलच्या बंदरांना हे गणित शेकडो वर्षांपूर्वी ठाऊक होतं. अरबस्तानाकडची गलबतं वारा कुठल्या दिशेचा आहे ते पाहूनच निघायची. जवळची वाट ती नव्हे जी लांबीनं कमी. जवळची वाट ती, जिथं वारा आपल्या बाजूचा.

त्यात घड्याळही गंमत करतं. २०१६ च्या त्या विमानानं दिल्ली सोडली पहाटे चारला, आणि सॅन फ्रान्सिस्कोत ते उतरलं त्याच तारखेला सकाळी साडेसहाच्या सुमारास. वाटेत तारीखरेषा ओलांडून ते कालच्या दिवसात शिरलं आणि पुन्हा आजच्यात आलं. घड्याळ पाहून म्हणाल, अडीच तासांत पोहोचलं. पाय आणि कंबर मात्र साडेचौदा तासांचाच हिशेब सांगतात.

तिसरं उत्तर माणसांचं, म्हणजे सरहद्दींचं. आकाशात रेघा नसतात असं आपण कवितेत म्हणतो. वैमानिकाला त्या पक्क्या दिसतात. बालाकोटनंतर, फेब्रुवारी २०१९ अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानची हवाई हद्द बंद होती. पहलगामच्या हल्ल्यानंतर, एप्रिल २०२५ मध्ये, ती भारतीय विमानांना पुन्हा बंद झाली. दिल्लीहून पश्चिमेला, न्यूयॉर्क-टोरांटोकडे जाणाऱ्या एअर इंडियाच्या विमानांना वळसा पडला आणि काहींना इंधनासाठी व्हिएन्नाला किंवा कोपनहेगनला थांबावं लागलं. दिल्ली–वॉशिंग्टन सेवा तर सप्टेंबर २०२५ पासून थांबवलीच. कंपनीनं जी कारणं दिली त्यांत हेही एक होतं. युक्रेन युद्धानंतर, २०२२ पासून, अमेरिकन कंपन्यांना रशियावरून जाणं बंद झालं. दिल्ली जिथं होती तिथंच आहे, न्यूयॉर्कही तिथंच आहे. मधलं अंतर मात्र एका रात्रीत वाढलं.

आणि कधी कधी वाट मध्येच थांबते. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनातल्या दोषामुळे रशियाच्या अति पूर्वेकडच्या मगदान या गावी उतरवलं गेलं. २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी. सगळे सुखरूप होते. पण दुसरं विमान मुंबईहून तिथं पोहोचून त्यांना घेऊन निघेपर्यंत ८ जून उजाडला होता. मगदान हे नाव आमच्या सोसायटीत त्या आठवड्यात पहिल्यांदा ऐकलं आणि अजून कुणी विसरलेलं नाही.

एवढं सगळं असूनही आपण फार नशीबवान, असंच म्हणायला हवं. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. अठ्ठावन्न दिवस! ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं, तेही कैरो आणि जिनिव्हाला थांबत. १९६० मध्ये बोईंग जेट विमानं आली आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क सेवा सुरू झाली. महिन्यांचे दिवस झाले, दिवसांचे तास झाले.

पण तास कमी झाले तशी एक नवी गोष्ट आपल्या घरांत शिरली. आनंदीबाई अमेरिकेत असताना घरी काही बरंवाईट झालं, तर त्या येऊन पोहोचतील अशी अपेक्षा कुणी केलीच नसती. आज ती अपेक्षा प्रत्येक घरात असते. ‘विमानानं येईल की! सोळा तासांचा तर प्रवास.’

हे वाक्य मी जानेवारी २०२४ मध्ये एका सकाळी चार वेगवेगळ्या नातेवाइकांच्या तोंडून ऐकलं. बाबा पहाटे पाचला साताऱ्याच्या घरी गेले. झोपेतच. आईचा फोन आला तेव्हा दादाकडे आदल्या दिवशीचे दुपारचे साडेतीन वाजले होते. यांनी टॅक्सी बोलावली आणि मी विमानतळाकडे निघाले. वाटेत काकांचा फोन. ‘तू दुपारपर्यंत येशील. पण दादा कधी पोहोचतोय ते सांग. त्यावर पुढचं ठरवायचंय. शीतपेटीची व्यवस्था होते, थांबता येईल.’

दादा तिकडे तिकीट शोधत होता. त्याला काही सुचत नव्हतं, हे आवाजावरून कळत होतं. मग मी टॅक्सीतच पर्समधल्या एका बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. थेट विमानात जागा मिळत होती ती त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची. म्हणजे विमान सुटेपर्यंतच एकोणीस तास. परतीची वाट वाऱ्याच्या विरुद्ध, म्हणून उड्डाण साडेसोळा तास. दिल्लीला उतरून बाहेर पडणं, बॅगा, पुण्याचं विमान मिळेपर्यंतची वाट, सहा तास. पुणे, दोन तास. पुढे लोहगावहून सातारा, साडेतीन तास. बेरीज सत्तेचाळीस. तीही सगळं वेळेवर झालं तर. जानेवारीत दिल्लीचं धुकं कुणाला चुकलंय? दुसऱ्या देशातून विमान बदलून येण्याचे मार्गही दादानं पाहिले. त्यांत सुरुवात लवकर होत होती. पण शेवट तिथंच येत होता.

मी आईला फोन केला आणि जसा होता तसा आकडा सांगितला. ‘सोळा नाही आई, सत्तेचाळीस. म्हणजे परवा पहाटे.’

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मग थांबायचं नाही. दोन दिवस यांना त्या पेटीत ठेवून काय करायचं? दादाला सांग, धावत सुटू नकोस. नीट तिकीट काढ, सुनेला आणि मुलांना घेऊन दहाव्याच्या आधी ये, आणि आलास की महिनाभर राहा. आज तो तिकडे घरात असू दे, माणसांत असू दे. अग्नी तू द्यायचा.’

मी दुपारी तीनला घरी पोहोचले. संध्याकाळी पाचला संगम माहुलीला बाबांना अग्नी दिला. काका थोडे अडखळले होते. गुरुजींनी मात्र काही आक्षेप घेतला नाही. आईनं एकदा सांगितल्यावर तो विषय संपलाच होता. तिकडे पहाटेचे साडेतीन वाजले होते. दादा, वहिनी आणि त्यांच्याकडे जमलेली दोन-तीन मराठी कुटुंबं फोनच्या पडद्यावरून पाहत होती. कुणी बोलत नव्हतं.

दादा नवव्या दिवशी आला आणि खरंच महिनाभर राहिला. बाबांची बँकेची कामं, घराचे कागद, आईचं डोळ्याचं ऑपरेशन, सगळं त्यानं केलं. एके रात्री जेवणं झाल्यावर तो मला म्हणाला, ‘तू नेमका आकडा सांगितलास ते बरं केलंस. “बघ प्रयत्न करून” म्हणाली असतीस, तर मी मिळेल त्या विमानात बसलो असतो. आणि कुठल्या तरी समुद्रावर, अंधारात, बेल्ट बांधून बसलेला असताना इकडे सगळं उरकलं असतं. मला कळलंही नसतं.’

मला वाटतं, परदेशात माणूस असलेल्या प्रत्येक घरानं हे लक्षात ठेवावं. तिकिटावरचे सोळा तास विमानतळापासून विमानतळापर्यंतचे असतात. आपली माणसं विमानतळावर राहत नाहीत. कुणी निपाणीला राहतं, कुणी चिपळूणला, कुणी परभणीला. घराच्या उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत किती तास लागतात, हा हिशेब प्रत्येक घराचा वेगळा असतो आणि तो ज्याचा त्यानंच मांडावा लागतो. त्यात पुढचं विमान कधी आहे ती वाट पाहणं धरावं लागतं. गावापर्यंतची एस.टी. किंवा टॅक्सी धरावी लागते. आणि कागदपत्रंही. पासपोर्टची मुदत संपलेली असली किंवा व्हिसाचा शिक्का बाकी असला, तर सोळा तासांचं अंतर काही आठवड्यांचंही होऊ शकतं. तिथं वारा कितीही पाठीशी असून उपयोग नाही.

हा हिशेब आणीबाणीत, रडत रडत मांडण्याऐवजी एखाद्या शांत रविवारी मांडून ठेवलेला बरा. आमच्याकडे आता तो आहे. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या आतल्या बाजूला, दुधाच्या हिशेबाच्या वहीशेजारी एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर दादाचा आकडा, माझा आकडा, आणि आम्ही दोघंही पोहोचायच्या आत धावून येऊ शकतील अशा तीन शेजाऱ्यांचे फोन. खरं सांगायचं तर त्या कागदावरची सगळ्यांत कामाची ओळ ती तिसरीच आहे. दादा सत्तेचाळीस तास, मी दहा तास, आणि समोरच्या काकू अर्धं मिनिट!

आईनं त्याच कागदाच्या तळाशी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंय, तिच्या वेळी कुणासाठी थांबायचं नाही. आधी मला ते वाचवेना. आता वाटतं, लांब राहणाऱ्या मुलासाठी आईनं केलेली ती एक सोय आहे. त्याच्या छातीवरचं ओझं तिनं आधीच उतरवून ठेवलंय.

आणि असं लिहून ठेवल्यामुळे घर काही सुतकी झालेलं नाही, बरं का! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आई माझ्याकडे चार दिवस राहून थेट विमानानं दादाकडे गेली. व्हीलचेअर आधीच सांगून ठेवली होती. औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत. दर दोन तासांनी उठून पॅसेजमध्ये चालायचं आणि पाणी प्यायचं, अशी तिला तंबी दिली होती. जपानच्या आसपास कुठं तरी वारा पाठीशी आला असणार. विमान वेळेच्या थोडं आधीच उतरलं. पोहोचल्यावर तिचा फोन आला, ‘एवढं काही नाही गं. साताऱ्याहून एस.टी.नं नागपूरला गेल्यासारखं वाटलं.’

वाचकांपैकी ज्यांचं कुणी लांब असेल, त्यांनी येत्या दिवाळीत फराळाची डबे-बाटली पाठवताना एवढं करावं. मुलाला किंवा मुलीला फोनवर घ्यावं, कागद-पेन्सिल घेऊन बसावं आणि उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंतची बेरीज करावी. आकडा मोठा येईल. येऊ द्या. तो माहीत झाला की त्याची भीती कमी होते. आणि मग नुसती वाट पाहण्याऐवजी, कोण कधी येणार आणि आल्यावर किती दिवस राहणार, हे ठरवता येतं.